कोष्टकातून निसटलेली रोहिणी

१

तौलनिक लोकसाहित्याभ्यासात काही कल्पनाबंधांच्या वाट्याला एकाएकी मोठेपण येते. गेल्या दोन दशकांत ते ‘आकाशमृगये’च्या वाट्याला आले आहे. शिकारी एखाद्या प्राण्याचा पाठलाग करतो, पाठलाग पृथ्वीवरून आकाशात चढतो आणि तेथे प्राणी, शिकारी किंवा दोघेही तारकारूपाने स्थिरावतात, असा हा कल्पनाबंध. सप्तर्षी, मृग आणि कृत्तिका ही त्याची नेहमीची रंगभूमी. सैबेरियातील इव्हेंकी लोकांच्या कथेत खेग्लेन नावाचा एल्क सूर्य पळवून नेतो आणि मांगी त्याचा माग काढतो. खांती लोकांच्या कथेत शिकारी सहा पायांच्या एल्कचे दोन पाय तोडतो, आणि बर्फावरून धावताना त्याच्या पायांतील लाकडी पट्ट्यांनी उमटवलेली वाट म्हणजे आकाशगंगा ठरते. मंगोलियात मृग नक्षत्राच्या मधल्या तीन तारका म्हणजे बाणापुढे पळणारी तीन हरणे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिकमॅक लोकांत सात पक्षी शिकारी होऊन अस्वलाच्या मागे लागतात. शरद ऋतूत अस्वलाचे रक्त सांडते आणि त्याने झाडांची पाने लाल होतात.

एवढ्या अंतरावरच्या लोकांनी एकाच आकाशात एकच शिकार पाहावी, ही गोष्ट विलक्षण आहे यात शंका नाही. तिचे कारण शोधण्याचा प्रयत्नही स्वागतार्हच आहे. आक्षेप आहे तो या शोधाच्या एका गृहीतकाला. कल्पनाबंध ओळखला, त्याचा प्रदेश आखला, त्याचे वय ठरवले की कथेचा अर्थ हाती आला, असे हे गृहीतक आहे. आपल्याकडील विद्यापीठीय संशोधनात ते इतके रुजले आहे की पदव्युत्तर प्रबंधाच्या शेवटी कल्पनाबंधांच्या क्रमांकांची यादी जोडली म्हणजे विवेचन पूर्ण झाले, अशी समजूत सार्वत्रिक झाली आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आकाशमृगयेच्या बाबतीत ही पद्धती केवळ अपुरी नाही. आपल्या परंपरेतील या कथेच्या सर्वांत महत्त्वाच्या रूपात ती ज्या व्यक्तीपासून कथा सुरू होते तिलाच बाहेर ठेवते. ती व्यक्ती म्हणजे रोहिणी.

२

प्रथम प्रतिपक्ष नीट समजून घेतला पाहिजे. स्टिथ टॉम्प्सन यांच्या कल्पनाबंधसूचीत सप्तर्षी, मृग आणि कृत्तिका यांच्या उत्पत्तिकथांना अनुक्रमे ए ७७१, ए ७७२ आणि ए ७७३ हे क्रमांक आहेत. ही सूची म्हणजे ग्रंथालयातील कपाट होय. कपाटाने पुस्तकाचा अर्थ सांगावा अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि टॉम्प्सन यांनीही तसा दावा केला नव्हता. यूरी बेरेझकिन यांनी २००५ साली या कल्पनाबंधाच्या सैबेरियन आणि उत्तर अमेरिकन रूपांची जी तुलना केली ती याहून पुढची आहे. सप्तर्षींच्या शेपटीतील तीन तारे म्हणजे तीन शिकारी आणि त्यांतील मधल्या ताऱ्यालगतची अंधुक अरुंधती म्हणजे शिकाऱ्याचा कुत्रा किंवा रांधण्याचे भांडे, हा तपशील सैबेरियात आढळतो आणि उत्तर अमेरिकेतही. अंधुक ताऱ्याला भांडे मानावे अशी कोणतीही नैसर्गिक सक्ती नाही. तेव्हा या दोन प्रदेशांत ऐतिहासिक संबंध असला पाहिजे, हा बेरेझकिन यांचा निष्कर्ष मान्य करण्यात अडचण नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. ज्युलियँ द'उई यांनी जीवशास्त्रातील वंशवृक्ष काढण्याची पद्धती मिथकांना लावली. २०१३ साली आणि नंतर २०१६ साली विस्तारित स्वरूपात त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. विस्तारित सामग्रीत कथेची ४७ रूपे आहेत आणि प्रत्येक रूप ९३ घटकांत मोडलेले आहे. घटक आहे की नाही, एवढीच नोंद. या नोंदींवरून संगणक वृक्ष काढतो आणि वृक्षाच्या मुळाशी मूळ कथेची पुनर्रचना होते. ती साधारण अशी : एक माणूस खूर असलेल्या प्राण्याची शिकार करतो, शिकार आकाशात घडते किंवा तेथे संपते, प्राण्याचे नक्षत्र होते तेव्हा तो जिवंत असतो आणि ते नक्षत्र सप्तर्षी होय. ही कथा बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या जागी जमीन होती त्या काळात, म्हणजे १५,००० वर्षांपूर्वीच, अमेरिकेत पोहोचली असावी, असा त्यांचा दावा आहे.

या पद्धतीवर पहिला आक्षेप तिच्या स्वतःच्याच मैदानावर घेता येतो. जनुकांतील बदल आणि कथेतील घटक यांत एक मूलभूत भेद आहे. कथेतील कित्येक घटक पूर्वजांकडून न येता डोळ्यांसमोरच्या आकाशातून येतात. सप्तर्षींची आकृतीच अशी की चार ताऱ्यांचा चौकोन पुढे आणि तीन तारे रांगेने मागे. ती पाहणाऱ्या कोणालाही ‘एक मोठी वस्तू आणि तिच्यामागे तिघे’ असेच सुचणार. विदर्भातील गोंडांच्या ताराज्ञानाचा अभ्यास वाहिया आणि हळकरे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला आहे. तेथे हाच चौकोन म्हातारीची खाट आहे आणि मागचे तिघे ती चोरू पाहणारे चोर आहेत. मिकमॅक आकाशात चौकोनाचे अस्वल झाले, येथे त्याची खाट झाली. मागून येणारे तिघे मात्र दोन्हीकडे राहिले. ‘तीन पाठलाग करणारे’ हा घटक दोन्ही ठिकाणी ‘आहे’ असा नोंदवला तर तो कोणत्या वारशाचा पुरावा ठरेल? मृगाच्या तीन ताऱ्यांचेही तेच. ते कोठे बाण, कोठे तीन हरणे, तर दक्षिण आफ्रिकेतील नामा लोकांत तीन झेब्रे. ‘तीन’ हा आकडा आकाशाने दिलेला आहे, कथाकारांनी नव्हे.

परंतु हा वाद आकडेमोड करणाऱ्यांनी आपसांत मिटवावा. साहित्याच्या अभ्यासकाचा आक्षेप याहून खोल आहे. ‘आहे किंवा नाही’ या नोंदीत क्रियापदांना जागा नसते. कोणी, कोणाला, कशासाठी, हे प्रश्न तेथे उद्भवत नाहीत. आणि कथा म्हणजे तर हेच प्रश्न.

३

ऐतरेय ब्राह्मणाच्या तिसऱ्या पंचिकेत ही कथा येते. प्रजापतीला स्वतःच्या कन्येचा अभिलाष झाला. ती कन्या द्यौ होती असे काही म्हणतात, उषा होती असे दुसरे म्हणतात. ग्रंथ दोन्ही मते नोंदवून पुढे जातो. ती रोहित म्हणजे तांबूस हरिणी झाली आणि हा ऋश्य होऊन तिच्याजवळ गेला. देवांनी ते पाहिले आणि प्रजापती न करण्याजोगे करतो आहे असे म्हटले. त्याला शासन करू शकेल असा एकही त्यांच्यांत सापडला नाही. तेव्हा प्रत्येकाने आपले घोरतम रूप काढून एकत्र केले आणि त्यातून एक देव निर्माण झाला. त्याचे नाव घेण्याचे ग्रंथ टाळतो. तो रुद्र आहे हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. त्याने पशूंचे आधिपत्य मोबदला म्हणून मागून घेतले आणि मग बाण सोडला. विद्ध झालेला प्रजापती वर उडाला, तो मृग. वेध करणारा तो मृगव्याध. जी हरिणी ती रोहिणी. आणि त्रिकाण्ड बाण तो आकाशातला तीन पेरांचा बाण. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांना मराठी खेड्यांतून ‘तिकांडे’ म्हणतात, तो शब्द या बाणाशी किती सरळ जुळतो हे सांगण्याची गरज नाही.

आता ही कथा कोष्टकात भरून पाहावी. शिकारी : रुद्र. प्राणी : मृग. शस्त्र : बाण. आकाशारोहण : आहे. नक्षत्र : मृग आणि व्याध. रकाने भरले, एकही रिकामा राहिला नाही. परंतु रोहिणी कोणत्या रकान्यात लिहावी? ती शिकारी नाही. रुद्राच्या बाणाचे लक्ष्यही ती नाही. ‘इतर पात्रे’ अशा रकान्यात तिची सोय होते आणि कथा आशियाई शाखेत नीट बसते. येथेच पद्धतीची मर्यादा उघडी पडते. ऐतरेयातील मृगया ही शिकारी आणि प्राणी अशा दोघांची नाही, तिघांची आहे; आणि तिच्यात पाठलागही एक नाही, दोन आहेत. पहिला पाठलाग पित्याने कन्येचा केलेला, दुसरा व्याधाने त्या पित्याचा. दुसरा पाठलाग हा पहिल्याचा परिणाम आहे. मृग हे येथे निरपराध भक्ष्य नाही. तो आधीचा शिकारी आहे. कोष्टक फक्त दुसरा पाठलाग मोजते आणि त्यामुळे अपराधी बळी होऊन बसतो.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात हीच मृगया पुन्हा येते. तेथे यज्ञात भाग न मिळालेला रुद्र यज्ञालाच विद्ध करतो, यज्ञ मृगरूपाने अग्नीसह आकाशात पळतो आणि रुद्र त्याच्या मागे जातो. रोहिणी तेथे नाही, कन्या नाही, अभिलाषही नाही. प्रश्न वगळल्या गेलेल्या देवाच्या हक्काचा आहे. कोष्टकाच्या दृष्टीने या दोन कथांत फारसे अंतर उरत नाही. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या कथा आहेत, कारण एकीत बाण अपराध्याला लागतो आणि दुसरीत बाण हे अपमानाचे उत्तर आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात सारथी दुष्यंताला मृगामागे धावणाऱ्या पिनाकीची उपमा देतो, तेव्हा यांतील कोणती कथा मनात धरायची याने नाटकाचे वाचन बदलते. टीकाकारांनी दक्षयज्ञाचा मृग सांगितला, तो मार्ग सुरक्षित आहे. पण हरिणामागे आलेला राजा लगेचच आश्रमकन्येच्या मोहात पडतो, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला दुसरी कथाही आठवल्यावाचून राहणार नाही. हा विचार कल्पनाबंधाच्या क्रमांकावरून सुचत नाही. कथेतील संबंधांवरून सुचतो.

४

रोहिणीला वगळण्याचे काम एकट्या संगणकाने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ प्रसिद्ध केला. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळाच्या स्मृती वेदवाङ्मयात शोधून त्यांनी वेदांचा काळ सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी नेला. त्या मांडणीत प्रजापती म्हणजे संवत्सर, आणि त्याचे कन्येकडे जाणे म्हणजे संपातबिंदूचे मृगाकडून रोहिणीकडे सरकणे. बुद्धीची ही झेप आजही थक्क करते. परंतु तिच्यात कन्या म्हणजे एक अंश-कला झाली. स्टेला क्रामरिश यांनी १९८१ सालच्या शिवविषयक ग्रंथात याच कथेला केंद्रस्थान दिले. तेथे रुद्राचा बाण अव्यक्त पूर्णतेच्या भंगाला दिलेले उत्तर आहे. ते वाचन गंभीर आहे. पण त्यातही रोहिणी ही भंगाचे निमित्त म्हणूनच उरते. पंचांग, तत्त्वज्ञान आणि वंशवृक्ष असे हे तीन मार्ग एकमेकांचे विरोधक समजले जातात. या एका बाबतीत त्यांचे एकमत आहे.

आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. विस्मरणाची सुरुवात मूळ संहितेतच झालेली आहे. शतपथ ब्राह्मणात देवांचा क्रोध ओसरल्यावर ते प्रजापतीच्या शरीरातून शल्य काढतात आणि त्याची शुश्रूषा करतात. ऐतरेयात सांडलेले रेत दूषित होऊ नये याची चिंता देव वाहतात आणि ‘मादुष’ या शब्दातून ‘मानुष’ कसा झाला याची व्युत्पत्तीही सांगितली जाते. प्रजापतीचे शरीर, त्याचे रेत, रुद्राचा मोबदला, सगळ्यांची व्यवस्था लागते. हरिणीशी मात्र कोणी बोलत नाही. तिला आकाशात जागा मिळते. कथेत तिला एकही वाक्य मिळत नाही. समीक्षकाचे काम या मौनावर बोट ठेवणे हे आहे. ते मौन मोजणीत बुडवून टाकणे हे नव्हे.

संहिता जे विसरते ते आकाशाने जपले आहे. हिवाळ्यातील कोणत्याही निरभ्र रात्री पूर्वेकडे पाहावे. आधी रोहिणी उगवते. तिच्यामागे साधारण दीड तासाने मृगाचे तिकांडे वर येते. त्यानंतर साधारण तेवढ्याच अंतराने व्याध. तिकांड्याच्या रेषेचे एक टोक वाढवले तर ते रोहिणीच्या दिशेने जाते, दुसरे व्याधाकडे. दोन पाठलाग एकाच रेषेत मांडलेले आहेत, आणि बाण शरीरात रुतलेला असूनही मृग रोहिणीच्या मागे चालणे सोडत नाही. शिवमहिम्न स्तोत्रात व्याधाचा आवेग प्रजापतीला अद्याप सोडत नाही असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील कित्येक घरांत ते स्तोत्र नित्य म्हटले जाते. त्याच न्यायाने रोहिणीचाही पाठलाग अद्याप संपलेला नाही, हे विधान त्या श्लोकात नसले तरी आकाशात आहे.

५

आकाशमृगयेच्या अभ्यासकांकडून यावर अपेक्षित उत्तर असे : स्त्रीचा पाठलाग हा निराळा कल्पनाबंध आहे, त्याची गल्लत प्राण्याच्या शिकारीशी करू नये. नेमका हाच मुद्दा आहे. सूचीत या दोहोंची घरे वेगळी आहेत. हेसिअडच्या शेतीविषयक काव्यात कृत्तिका ओरायनपुढून पळत समुद्रात शिरतात. ते एका घरात. मध्य आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील आदिम समाजांच्या गीतमार्गांत सात बहिणी न्यिरू नावाच्या पुरुषापासून वाळवंटभर पळतात आणि शेवटी आकाशात चढतात. तेही त्याच घरात. मिकमॅक अस्वल आणि खांती एल्क दुसऱ्या घरात. पण ज्या कथेत कन्या हीच हरिणी होते ती कोणत्या घरात ठेवणार?

ऐतरेयातील कथा दोन घरांच्या मधल्या भिंतीवर उभी आहे, आणि ती एकटी नाही. ओव्हिडने सांगितलेली कॅलिस्टोची कथा तिच्या शेजारीच आहे. ज्युपिटर डायनाचे रूप घेऊन कॅलिस्टोवर बलात्कार करतो. जूनो शिक्षा ज्युपिटरला न देता कॅलिस्टोला देते आणि तिची अस्वल करते. पुढे तिचाच मुलगा तिच्यावर भाला उगारतो तेव्हा ज्युपिटर दोघांना आकाशात नेतो. जूनोचे तेवढ्यावरही समाधान होत नाही. या अस्वलीला समुद्रस्नान मिळू नये असे ती सागरदेवतांकडून कबूल करून घेते, म्हणून ते नक्षत्र मावळत नाही. द'उई यांच्या २०१६ च्या लेखाची सुरुवात याच कथेने होते. शेवटी पुनर्रचित मूळ कथेत उरतो तो माणूस आणि खूर असलेला प्राणी. मधल्या प्रवासात कॅलिस्टो कोठे गेली, हा प्रश्न पद्धतीला पडत नाही, कारण पद्धतीच्या लेखी तो प्रश्नच नाही.

प्राचीन कथेवर आजच्या स्त्रीवादाचे ओझे लादले जात आहे, असा दुसरा आक्षेप येईल. त्याला उत्तर संहितेतच आहे. प्रजापती अकृत्य करतो आहे हा निवाडा आजच्या वाचकाचा नाही, ऐतरेयातील देवांचा आहे. सर्व देवांची घोर रूपे एकवटल्याशिवाय पित्याला शासन करता येत नाही, हे सामाजिक सत्यही त्या ग्रंथानेच सांगितले आहे. ए. के. रामानुजन यांनी ‘भारतीय ईडिपस’विषयीच्या निबंधात भारतीय कथांमध्ये ईडिपसच्या आकृतिबंधाची दिशा उलटते, पित्याच्या पिढीची आक्रमकता आणि वासना मुलांकडे वळते, याकडे लक्ष वेधले होते. त्या प्रकाशात प्रजापतीची कथा हे आकाशमृगयेचे ‘एक रूपांतर’ राहत नाही. पित्याच्या सत्तेविषयी आपल्या परंपरेने केलेले ते एक अत्यंत धीट आणि तरीही अर्धवट सोडलेले विधान ठरते.

याचा अर्थ प्रत्येक आकाशमृगया हिंसेचीच कथा असते असे मुळीच नव्हे. मिकमॅक कथेत अस्वलाचा सांगाडा हिवाळाभर आकाशात उताणा पडून राहतो, त्याचा प्राण दुसऱ्या अस्वलात शिरतो आणि वसंतात शिकार पुन्हा सुरू होते. तेथे मारणे आणि जगणे यांच्यात निसर्गाशी झालेला करार आहे. नामा लोकांच्या कथेत शिकारी एकच बाण घेऊन निघतो, तो झेब्र्यांना लागत नाही, बाणाशेजारी सिंह बसलेला असतो आणि रिकाम्या हाताने घरी परतावे तर बायका घरात घेणार नाहीत. म्हणून तो थंडीत तसाच बसून राहतो. तेथे फजिती झाली आहे ती शिकाऱ्याचीच. एका सार्वत्रिक अर्थाच्या जागी दुसरा सार्वत्रिक अर्थ बसवणे हा या लेखाचा हेतू नाही. मिथकाचे खरे असे एकच रूप नसते, सर्व रूपे मिळून मिथक होते, हे लेव्ही-स्ट्रोस यांनी १९५५ सालीच सांगितले. मूळ रूपाच्या शोधाने झपाटलेल्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

तेव्हा मराठीत लोकसाहित्याचे संशोधन करणाऱ्यांपुढे एक साधी मागणी ठेवावीशी वाटते. कल्पनाबंधाचा क्रमांक जरूर द्यावा, प्रसाराचा नकाशाही काढावा. परंतु त्याआधी प्रत्येक पाठलागाला चार प्रश्न विचारावेत. पळतो कोण? त्याच्या आधी कोणी कोणाचा पाठलाग केला होता? आकाशात जाणे ही सुटका आहे, शिक्षा आहे की सन्मान? आणि कथेत कोणाला बोलता येते? ऑस्ट्रेलियातील बहिणींना आकाश ही सुटका आहे, कॅलिस्टोला ते न संपणारे बंधन आहे, प्रजापतीला शासन आहे. रोहिणीला ते काय आहे, याचे उत्तर कोणत्याही ब्राह्मणग्रंथात नाही. या प्रश्नाला निदान प्रबंधात एक परिच्छेद मिळावा. ‘इतर पात्रे’ या रकान्यात तो मावणार नाही.